कोळी नसलेलं घर

१

आमच्या घरात अबोल्याचा विक्रम अकरा दिवसांचा होता आणि तो माझ्या नावावर होता. भांडण कशावरून झालं होतं ते आता दोघांनाही आठवत नाही; पडद्यांच्या रंगावरून काहीतरी होतं. नियम साधा: जो आधी बोलेल तो हरला. फारच अडलं तर फ्रिजवर चिठ्ठी लावायची. 'साबण संपला.' 'किल्ली कुंडीखाली.' अकरा दिवस भरल्यावर हिलाच हसू फुटलं आणि "बोला ना आता, दगड कुठले!" म्हणून तिने हार मानली.

मी मुळातच बोलायला कंजूष. माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याची हुबेहूब प्रत काढतो आणि तिच्यावर दात बसवतो. "दुसऱ्यांच्या बोलण्याची सोय करायची आणि आपण मात्र गप्प," असं ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. घर शेवटच्या मजल्यावर आहे. गच्चीकडची खोली माझी कामाची. तिथे फळीवर चाळीस-पन्नास पांढरे जबडे ओळीने मांडलेले असतात.

ही पोहायला शिकवते. दोन पुरुष खोल पाण्यात डोकं खाली करून उडी मारणारी बाई, पण कोळी दिसला की खुर्चीवर चढलीच. तिची आरोळीही ठरलेली: "अहो! आलाय!" कोण आलाय हे विचारायचं नाही. झाडू घेऊन निघायचं. वीस वर्षं मी हेच करत आलो.

त्या वर्षी कोळी फार झाले आणि त्यांच्या मागोमाग कुंभारीण आली. कुंभारीण म्हणजे गांधीलमाशीच्याच जातीची माशी. काळी, कंबर दोऱ्याएवढी. ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर बोटाएवढ्या नळ्या बांधते. माझ्या खोलीत, खिडकीच्या वर, छताच्या कोपऱ्यात तिने पहिलं घर बांधलं. एका रविवारी मी स्टुलावर चढून प्लास्टर कालवायच्या पट्टीने ते खरवडलं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर सात कोळी पडले.

"मेलेत ना?" हिने दारातून विचारलं.

"नाही. ती नांगी मारून त्यांना लुळं करते, आत भरते, वर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पिल्लाला ताजं खायला मिळावं म्हणून."

एका कोळ्याचा पाय सावकाश वाकला आणि तितक्याच सावकाश सरळ झाला. ही पळून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती चक्क दोन पावलं पुढे आली.

"म्हणजे जिवंत आहेत. मग त्यांना सगळं कळत असेल का हो?"

"छे! कोळ्याला काय कळतंय," मी म्हणालो. वर्तमानपत्राची घडी करून मी ते कचऱ्यात टाकलं.

२

दुसऱ्या आठवड्यात कुंभारीण पुन्हा त्याच कोपऱ्यात हजर. हिने फवारणीवाल्याला बोलावलं. तो पाठीवर टाकी आणि तोंडात सुपारी घेऊन आला, छताकडे बघितलं आणि टाकी खालीच ठेवली.

"साहेब, हिला मारून काय होणार? ही येते कोळ्यांसाठी. दुकान बंद केलंत की गिऱ्हाईक आपोआप जाईल."

मला ते पटलं. नीटनेटकं कारण दिलं की मला काहीही पटतं. मी तीन रविवार घालवले. कपाटं भिंतीपासून ओढली, दिव्यांच्या काचा उतरवल्या, दारांच्या बिजागऱ्यांतून बारीक कुंचला फिरवला, मोरीच्या जाळीखाली हात घातला. प्रत्येक भेग मेणाने बुजवली. तिसऱ्या रविवारी ही अनवाणी सगळ्या घरभर फिरून आली आणि म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा घर माझं वाटतंय."

मी छाती फुगवून हिंडलो, हे कबूल करतो. आमच्या घरात एकही कोळी उरला नव्हता.

३

कुंभारीण मात्र गेली नाही.

उलट तिने नवीन नळी बांधायला घेतली. मी काम करता करता तिच्यावर लक्ष ठेवलं. सकाळी ती खिडकीतून माती आणायची. दुपारी मात्र खिडकीकडे जायचीच नाही. दोन वाजून गेले की ती माझ्या डोक्यावरून खोलीच्या दाराकडे, तिथून बोळातून आत झोपायच्या खोलीत जायची. सकाळच्या शिकवण्या संपवून ही त्या वेळी तासभर आडवी होते. कुंभारीण आत पाच-सात मिनिटं असायची आणि मग परत यायची.

परत येताना ती काहीच आणत नसे. मी भिंग लावून बघितलं. पायांत काही नाही, तोंडात काही नाही. पण उडायची मात्र जड, जमिनीपासून वीतभर, मध्ये दोनदा फरशीवर टेकून दम खात. कोळी घेऊन येताना उडायची तशीच. मग भिंतीवरून चालत वर जायची, मागे सरकत नळीत शिरायची, आणि बाहेर येऊन तोंड पुसल्यासारखं करायची.

आता कोळी नाहीत, सवय गेली नाही, बिचारीला भास होत असेल, असं मी ठरवून टाकलं. किड्याला भास होतात की नाही ते मला माहीत नाही.

४

नळीचं तोंड लिंपलं गेलं त्या दिवशी मी पट्टीने ती अलगद सोडवली. तिचे उभे दोन तुकडे झाले. आत कोळी नव्हते, अंडं होतं की नव्हतं ते दिसलं नाही. आत काहीच नव्हतं, पण कुंभारणीच्या नळ्या आतून असतात तशी ती गोल गुळगुळीतही नव्हती. मधेच फुगलेली, मधेच आवळलेली, आणि मातीवर बारीक बारीक रेघा.

पोकळी दिसली की त्यात प्लास्टर ओतायचं, हा माझ्या हाताचाच गुण आहे. मी तुकडे जुळवून दोऱ्याने बांधले, प्लास्टर पातळ कालवून आत सोडलं आणि अर्ध्या तासाने माती धुऊन काढली.

हातात दोन पेरांचं बोट आलं. डावी करंगळी. नख मधोमध दुभंगलेलं. हिच्या करंगळीचं नख लहानपणी दारात सापडल्यापासून तसंच आहे.

माती ओली असताना हिने चेष्टेने बोट खुपसून बघितलं असणार आणि कुंभारणीने वरून झाकण घातलं असणार, असं मी मनाशी म्हटलं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ही त्या कोपऱ्याच्या चार हातही जवळ जात नाही, आणि गेलीच असती तरी स्टुलाशिवाय तिचा हात पोचत नाही.

मी ते बोट खणात टाकलं. जेवताना ही म्हणाली, "दोन दिवस झाले, या करंगळीला मुंग्या येतायत. आज तर अगदीच काही कळत नाहीये." त्यानंतर दूध उतू जाताना तिने पातेलं उतरवलं आणि ते तसंच धरून माझ्याशी बोलत उभी राहिली. मला जळका वास आला. करंगळी पातेल्याला चिकटली होती. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. "नस दबली असेल. येईल हळूहळू." त्या बोटात जाणीव आजपर्यंत आलेली नाही.

नळी लिंपत आली तोवर मुंग्या. मी ती फोडली त्या दुपारपासून काहीच नाही. मी वेळा अशा जुळवल्या, आणि मग जुळवल्याबद्दल स्वतःलाच शिव्या दिल्या.

५

पुढचं घर नळीसारखं नव्हतं. चपटं, पसरट, बशीएवढं. त्याचं तोंड अजून उघडं होतं. आता फोडायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी मापाचं रबर वापरलं. हे मऊ असताना आत दाबतात, चार मिनिटांत घट्ट होतं, पण ओढलं की लवचिकपणे बाहेर येतं आणि साच्याला धक्का लागत नाही. कुंभारीण बाहेर गेलेली बघून मी स्टुलावर चढलो.

चार मिनिटांनी माझ्या हातात कान होता. पाळीला दोन भोकं, त्यातलं एक ओघळलेलं.

बाहेर स्वयंपाकघरात ही एका पायावर उड्या मारत होती. मान उजवीकडे झुकवलेली, तळहात कानावर आपटत. "पाणी गेलंय वाटतं," ती जरा मोठ्याने म्हणाली. "या बाजूने काही ऐकूच येत नाही. काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. त्या वेळी सांगायला हवं होतं. पण तिने विचारलेला तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता: त्यांना कळत असेल का हो? आणि सांगितलं तर ती काय करेल हेही मला ठाऊक होतं. ही पाण्यात वाढलेली बाई. थांबणं तिला जमत नाही. ती सरळ झाडू घेऊन वर चढली असती आणि सगळं फोडून मोकळी झाली असती.

मी कुंभारणीला वर्तमानपत्राच्या एका फटक्यात मारलं. खिडकी बंद केली, फटी मेणाने बुजवल्या. चार वाजता ती मातीची गोळी घेऊन कोपऱ्यात बसलेली होती. मेलेली कागदावर तशीच होती. ती एकच आहे की अनेक, हे मला आजही सांगता येणार नाही.

६

मी फवारणीवाल्याच्या दुकानात गेलो.

"कोळी हवेत," मी म्हणालो.

"मारायला?"

"घरात सोडायला. जिवंत. जितके मिळतील तितके."

त्याने सुपारी चघळायची थांबवली. "साहेब, इतकी वर्षं हे काम करतोय. लोक मला मारायला बोलावतात. तुम्ही पाळायला मागताय? घरी सगळं ठीक ना?"

त्याने काही दिले नाहीत. मीच बरणी घेऊन इमारतभर हिंडलो. जिन्याखाली, टपालाच्या पेट्यांमागे, विजेच्या मीटरच्या खोलीत. शेजारीण वर चढताना म्हणाली, "काय हरवलंय का?" मी हो म्हणालो. पन्नाशीचा माणूस गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कोपऱ्यात फुंकर मारतोय, हे दृश्य तिने मिटक्या मारत सांगितलं असेल.

अकरा कोळी मी माझ्या खोलीत सोडले आणि दार लावून घेतलं. कुंभारणीने त्यांना हां हां म्हणता उचललं. खरेखुरे, लोंबणाऱ्या पायांचे कोळी तिने त्या चपट्या घरात भरले आणि संध्याकाळपर्यंत तोंड लिंपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही दात घासता घासता मोरीतून धावत आली, तोंडात फेस. "अहो, कान मोकळा झाला! घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय!"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि लहान मुलासारखा रडलो. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

त्यानंतर महिनाभर मी तिला कोळी पुरवले. प्लास्टरच्या पोत्यामागे बरण्या लपवल्या. घर मी कोळ्यांपासून सोडवलं होतं ते हिच्यासाठी, आणि आता हिच्यासाठीच पुन्हा भरत होतो, तिला कळू न देता.

७

फवारणीवाला बोलघेवडा निघाला. त्याने हिला फोन करून विचारलं, "बाई, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

मी त्या दुपारी तयार कवळ्या डॉक्टरांकडे पोचवायला गेलो होतो. परत आलो तर जिन्यापासूनच औषधाचा उग्र वास. इमारतीतल्या सगळ्यांना विचारून हिने तळापासून गच्चीपर्यंत फवारणी करून घेतली होती. माझ्या बरण्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. ही स्वयंपाकघरात बसून फडक्याला हात पुसत होती.

"तुमच्या बरण्यांतले मी स्वतः मारले," ती म्हणाली. "हाताने. एकेक. तुम्हाला काहीतरी होतंय, आणि तुम्ही मला सांगत नाही. निदान एवढं तरी करावं म्हटलं तुमच्यासाठी."

ज्या बाईला कोळ्याचं चित्रही बघवत नाही तिने माझ्यासाठी ते केलं होतं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ओरडलो, "कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा!"

ती उठली. "बरं. राहा तुमच्या कोळ्यांबरोबर." आणि दार लावून घेतलं.

मी कामाच्या खोलीत येऊन खुर्चीत बसलो. कुंभारीण कोपऱ्यात होती. मी तिच्यावर डोळा ठेवायचं ठरवलं होतं, पण औषधाच्या वासाने डोकं जड झालं आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि जिभेवर ओल्या मातीची चव होती.

कोपऱ्यात नवीन घर होतं. मुठीएवढं, तोंड उघडं. रबर आत दाबून चार मिनिटं मी घड्याळाकडे बघत, 'तिचं नको, तिचं नको' म्हणत उभा राहिलो. मग रबर ओढून काढलं.

खालच्या दातांची ओळ, आणि तिच्या मागे जीभ. हिचे दात मला पाठ आहेत. तिची खोटी दाढ मीच बनवली आहे. हे दात तिचे नव्हते. डावीकडे एक दाढ नव्हती. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. पक्कड शोधायचा कंटाळा करून दातांनी कवळीची तार तोडणाऱ्याचा उडतो तसा. तीस वर्षं मी तार दातांनीच तोडतो.

खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. तिचं नाही, माझं आहे. ही गोष्ट तिला सांगावी, सगळीच सांगून टाकावी, म्हणून मी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

इमारतीत एकही कोळी उरला नव्हता, म्हणून मी बस थांब्यापर्यंत धावलो. तिथल्या छपरात दोन कोळी मिळाले. ते रुमालात बांधून परत आलो तोवर घराचं तोंड लिंपलेलं होतं.

८

मी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. 'राग नाही. बोलता येत नाही.'

संध्याकाळी खाली तिच्या अक्षरात ओळ आली. 'मलाही. सुरुवात तुम्ही करा.'

तिला वाटलं, अबोला. का वाटू नये? वीस वर्षं मी तिला हेच शिकवलं होतं. डॉक्टरांना मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी जीभ बघितली आणि ताण आला असेल म्हणाले. खरं कारण लिहून तिला दाखवायला मी दोनदा बसलो, दोनदा कागद फाडला. ती फोडेल, या भीतीने. न फोडता काय होतं ते मला माहीत नव्हतं. फोडल्यावर काय होतं ते तिच्या करंगळीकडे बघून रोज दिसत होतं.

सातव्या दिवसापासून कोपऱ्यातून आवाज यायला लागला. कान लावला तरच ऐकू येईल इतका बारीक, काहीतरी सावकाश कुरतडल्यासारखा. मी खुर्ची तिथेच ओढून बसायचो. आवाज आला की माझ्या तोंडात हिरड्यांच्या मुळाशी गुदगुल्या व्हायच्या. दुखत नव्हतं. कळत मात्र होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी प्लास्टरचं नवीन पोतं आणायला गेलो. खोलीत परतलो तर सगळं झाडून पुसून लख्ख. फळीवरचे जबडे एका ओळीत. आणि ही स्टुलावर, माझी पट्टी हातात, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू.

"विक्रम मोडलात बाबा," ती म्हणाली. "हरले मी. म्हटलं, खोली साफ करून द्यावी, तेवढाच राग जाईल. एवढा कोपरा राहिलाय."

पट्टीचं पातं त्या मातीखाली शिरलेलं होतं. कड सुटलेली दिसत होती. मी पोतं टाकून जोरजोराने मान हलवली. मी धावलो असतो तर ती दचकून खाली आली असती, आणि पात्याबरोबर तेही. मी दोन्ही हात पुढे करून जागीच उभा राहिलो.

"नको?" तिने हसत विचारलं. "मानेने नाही चालणार. बारा दिवस वाट बघितलीय मी. तोंडाने म्हणा. एक शब्द बोला, मी उतरते खाली."

मी तोंड उघडलं.